पायथनमध्ये पोर्ट स्कॅनर लिहून पाहिला तर तो गुन्हा ठरतो का?

नाही, पोर्ट स्कॅनर, म्हणजे संगणकाची कोणती पोर्टं (नेटवर्कवरून जोडणी घेणारे क्रमांकित दरवाजे) उघडी आहेत हे तपासणारा प्रोग्राम, लिहिणं गुन्हा नाही. प्रश्न येतो तो कोणाच्या यंत्रावर चालवता याचा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणं, त्याच्या सेवेत अडथळा आणणं यासाठी भरपाई लावतं. तेच अप्रामाणिकपणे वा फसवणुकीने केलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोर्ट उघडं आहे का एवढंच पाहणं म्हणजे ‘शिरणं’ का, यावर वाद घालता येतो. अमेरिकेत जॉर्जियातल्या एका संघीय न्यायालयाने २००० साली निव्वळ स्कॅनला नुकसान मानलं नव्हतं. पण तो निकाल इथे ढाल म्हणून चालणार नाही, आणि कॉलेजचं किंवा ऑफिसचं नेटवर्क तर परवानगीशिवाय चुकूनही तपासू नका.

सराव इथे करा:
- स्वतःचं यंत्र, म्हणजे १२७.०.०.१. पायथनमधल्या सॉकेटच्या (नेटवर्क जोडणीचं साधन) ‘कनेक्ट_एक्स’ या जोडणी करून पाहणाऱ्या फंक्शनने ० परत दिला की पोर्ट उघडं.
- एनमॅप या पोर्ट स्कॅनरच्या निर्मात्यांनी खास स्कॅनसाठीच खुला ठेवलेला ‘स्कॅनमी’ सर्व्हर. तोही बेताने, सगळी ६५,५३५ पोर्टं शंभर थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) लावून झोडपायची गरज नसते.