सिंगापूर ते न्यू यॉर्क: विमानाने अंतर किती, वेळ किती?

तुमचा प्रश्न असा, की एका साइटवर १७ तास दिसतात आणि तिकिटावर पावणेएकोणीस, मग खरं कोणतं? तिकिटावरचं धरा.

चांगी (सिंगापूरचा विमानतळ) ते जेएफके (न्यू यॉर्कचा विमानतळ) हे सर्वांत जवळचं अंतर साधारण १५,३४५ किमी आहे. ते घरबसल्या ताडून पाहता येतं. चांगी १०४° पूर्व रेखांशावर, जेएफके ७४° पश्चिम. बेरीज १७८, म्हणजे दोघं पृथ्वीच्या जवळपास विरुद्ध अंगांना. त्यामुळे जवळची वाट उत्तर ध्रुवाला जवळजवळ घासूनच जाते. जेएफकेचा अक्षांश ४०.६°, तिथून ध्रुव ४९.४° दूर. चांगीचा १.४°, तिथून ध्रुव ८८.६° दूर. एकूण १३८ अंश, दर अंशाला १११.२ किमी, गुणाकार करून बघा. सपाट नकाशावर पट्टी ठेवलीत तर ही वाट कधीच सापडणार नाही.

साइट या अंतराला ९०० किमी/ताशी वेगाने भागते आणि १७ तास सांगते. पण तिकिटावर असतो ब्लॉक टाइम: विमान गेटवरून हलल्यापासून पुन्हा गेटला लागेपर्यंतचा. त्यात धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढताना-उतरताना कमी असलेला वेग, सगळं येतं. शिवाय विमान ध्रुवावरून जातंच असं नाही. ती वाट चीन, मंगोलिया, रशियावरून जाते, आणि २०२२ पासून रशियाचं आकाश अनेक कंपन्या टाळतात. न्यू यॉर्कला जाताना बहुतेकदा पॅसिफिकवरची वाट धरतात. अंतर १६,००० किमीच्या वर जातं, पण पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारा जेट स्ट्रीम पाठीशी मिळतो. या वाऱ्याचा जोर रोज बदलतो, म्हणून आज तासभर लवकर, उद्या उशिरा असं होतं.

ही थेट सेवा सिंगापूर एअरलाइन्स एअरबस ए३५०-९००यूएलआर विमानाने देते. टाकीत १,६५,००० लिटरपर्यंत इंधन, आसनं फक्त १६१, आणि इकॉनॉमी वर्ग नाहीच. इकॉनॉमीनेच जायचं असेल तर एक थांबा घ्यावा लागेल. फ्रँकफर्टमार्गे चोवीस तासांच्या आसपास धरा.

घड्याळाचा घोळ मात्र सांभाळा. सिंगापूर न्यू यॉर्कच्या १३ तास पुढे असतं, पण मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत १२च. समजा जुलैत रात्री ११:३०ला निघालात आणि १८ तास ४० मिनिटं लागली, तर पोचाल दुसऱ्या दिवशी सकाळी ६:१०ला. परतताना उलट: रात्री १०ला निघालात तर तारीख दोनने पुढे जाते. तिकिटावर वेळेशेजारी लिहिलेलं बारीक '+२' बघूनच हॉटेल आणि पुढची गाडी ठरवा.

थांबा लॉस एंजेलिस किंवा सॅन फ्रान्सिस्कोला असेल तर इमिग्रेशन तिथेच होतं, बॅगा स्वतः उचलून पुन्हा द्याव्या लागतात. तिथे तीन तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नका. आणि दोन्ही टप्पे एकाच बुकिंगवर घ्या. वेगवेगळी तिकिटं काढून पहिलं विमान लेट झालं, तर दुसऱ्याचे पैसे बहुधा बुडतात.