वेलबुट्टीतली बुट्टी कोणती?

रंगवलेल्या पाटांवर आणि चौकटींवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या फुलांच्या नक्षीला 'वेलबुट्टी' म्हणावे की 'बेलबुट्टी', आणि त्यातली बुट्टी म्हणजे फुलांची टोपली का, असे एका वाचकाने विचारले आहे. वेल सर्वांच्या ओळखीची आहे, तेव्हा थेट बुट्टीकडे वळतो.

कोल्हापूर-बेळगावकडे भाकरीच्या टोपलीला बुट्टी म्हणतात आणि तो शब्द कन्नडमधला आहे, हे मान्यच आहे. परंतु तेवढ्यावरून 'वेल आणि परडी' असा अर्थ लावणारे जाणकार निव्वळ उच्चारसाम्याला भुलले आहेत. कन्नड टोपली जिथे कधी पोहोचलीच नाही, त्या उत्तरेत 'बेलबूटा' कुठून आला, हे त्यांनी सांगावे. आपली बुट्टी फारसी 'बूता'पासून आली आहे आणि बूता म्हणजे झुडूप, रोपटे. शेंडा वाकलेल्या ज्या आकृतीला आपण कोयरी म्हणतो, तिलाही इराणी गालिच्यांवर हेच नाव आहे. आपल्याला जिथे कैरी दिसली, तिथे त्यांनी रोपटे म्हटले, हे मला फार मोहक वाटते. जहांगीर १६२० मध्ये काश्मीरला गेला, तेव्हा चित्रकार मन्सूरने शंभराहून अधिक फुले रंगवल्याची नोंद त्याने केली आहे. पुढे ताजमहालाच्या भिंतींच्या तळाशी संगमरवरात ओळीने कोरलेली फुलझाडे पाहावीत. बूता या शब्दाचा मूळ अर्थ तिथे डोळ्यांसमोर उभा राहतो.

सावंतवाडीच्या चितारआळीत एका कारागिराला पाटाची कड रंगवताना मी पाहिले आहे. त्याने आधी हात न उचलता नागमोडी वेल ओढली आणि मग प्रत्येक वळणाच्या पोटात एकेक फूल बसवले, एक वर तोंड केलेले, पुढचे खाली. वेल नजरेला पुढे नेते आणि बुट्टी तिला क्षणभर थांबवते. तेच फूल शंभरदा येऊनही कंटाळा का येत नाही, याचे उत्तर माझ्या मते या जोडशब्दातच आहे. म्हणूनच कापडावर सुट्या विखुरलेल्या फुलांना दुकानादुकानांतून सर्रास 'वेलबुट्टी' म्हटलेले ऐकले की चीड येते. वेल नसेल, तर त्या नुसत्या बुट्ट्या आहेत.

राहिली 'बेलबुट्टी'. हिंदीतली बेल आणि आपली वेल या दोन्ही 'वल्ली'च्याच लेकी आहेत. पण मराठीत बेल म्हणजे शंकराला वाहायचा त्रिदळी बेल, त्यामुळे इथे वेलबुट्टीच लिहावे.