मामांची जुनी इलेक्ट्रिक गिटार पॉलिश करून विकली तर कलेक्टर चांगला भाव देतील का?

तुम्ही लिहिलंय की निपाणीच्या मामांकडं 1970च्या आसपासची इलेक्ट्रिक गिटार आहे, रंग उडालाय, आणि शहापुरातल्या फर्निचर पॉलिशवाल्याकडं देऊन मग विकायचा विचार आहे. अजिबात देऊ नका! कलेक्टर नुसत्या जुनेपणाचे पैसे देत नाहीत, त्यांना ती कंपनीतनं निघाली तशीच राहिलेली पाहिजे असते, वरनं रंग मारला की भल्याभल्या गिटारीचा भाव निम्म्यावर येतो.

उदाहरणार्थ अमेरिकेच्या गिब्सन कंपनीची लेस पॉल स्टँडर्ड घ्या, 1958 ते 60ची सनबर्स्ट, म्हणजे मधे पिवळी आणि कडेला लालसर होत जाणाऱ्या रंगाची. तेव्हा खपच नव्हता म्हणून कंपनीनं ते मॉडेल बंद केलं, दीड हजाराच्या आसपासच बनल्या असतील, मग 1966ला इंग्लंडचा गिटारवादक एरिक क्लॅप्टननं ती वाजवलेली रेकॉर्ड आली आणि जो तो तिच्या मागं लागला. आज चांगली असली तर कोटीच्या वर जाते. तिच्यावरचा लाल रंग उन्हानं उडत जायचा, त्यामुळं एक गिटार मधासारखी पिवळी तर दुसरी अजून लालसर, आणि लोक त्या उडालेल्या रंगावरच जीव टाकतात बघा.

तुमची कुठली आहे ते आधी बघूया. माहीतगार माणसाकडनं मागची प्लेट नाहीतर पिकगार्ड (तारांखालची प्लास्टिकची पट्टी) उघडून घ्या, व्हॉल्यूमच्या पॉटच्या, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या भागाच्या, पाठीवर आकडे असतात. अमेरिकन असेल तर समजा 1376610 आहे, तर 137 म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, 66 वर्ष आणि 10 म्हणजे दहावा आठवडा, म्हणजे पॉट मूळचा असेल तर गिटार त्याच्या आधीची असूच शकत नाही. सोल्डरचे टाके पण बघा, बाकीचे मळकट आणि एकच चकचकीत असेल तर तिथं नंतर कुणीतरी हात घातलाय.

एक मात्र आहे, 1991च्या आधी बाहेरचा माल आणणं लई महाग आणि कटकटीचं होतं, त्यामुळं आपल्याकडं गणपतीच्या ऑर्केस्ट्रात वाजायच्या त्या बऱ्याचशा देशी बनावटीच्याच. तुमची तसली निघाली तर लाखाची आशा धरू नका, पण म्हणून पॉलिशलाही देऊ नका, मामांनी वाजवलेली आहे ती, तशीच राहू दे की.

तोवर पावसाळ्यात माळ्यावर ठेवू नका, ओल धरून मान वाकते. हेडस्टॉकचा (मानेचं खुंट्या असलेलं टोक) आणि पॉटच्या आकड्यांचा फोटो टाका, बघून सांगतो.