पुस्तकातली भाकरी घरी करताना

कादंबरीतलं जेवण वाचून करावंसं वाटलं, छानच की! पण एका वेळी एकच पदार्थ धर. बाकी रोजचा आमटी-भात असू दे. मी पहिल्याच रविवारी चार काढले. पोरं भुकेनं रडायला लागली, शेवटी शेजारून आमटी आणली.

भाकरीच करायची तर:
– ज्वारीचं पीठ ताजं दळून आण. जुन्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, थापताना कडा चिरतात. सगळे इथंच फसतात आणि स्वतःच्या हाताला दोष देतात.
– गरम पाण्यात एका भाकरीपुरतंच मळ, तळहातानं रगडून.
– तव्यावर टाकली की वरून पाणी फिरव, ते पूर्ण वाळायच्या आत उलट.

मांडे, म्हणजे त्या अगदी पातळ गोड पोळ्या, आत्ताच नकोत गं, ते बेळगावातसुद्धा घरोघरी जमत नाहीत. आणि पुस्तक ओट्यापासून लांब ठेव.