महिनाभर गाडीने पुणे ते लेह आणि परत: ऊन, थंडी, पाऊस तिन्हींचे कपडे कसे भरावेत?

तुम्ही लिहिलंय की १० मेच्या सुमारास पुण्याहून निघणार, उदयपूर, जयपूर, अमृतसर, श्रीनगर, कारगिल करत लेह, आणि मनालीवरून शाळा उघडायच्या आत घरी. बरोबर दोन मुलं आणि सासूबाई. आम्ही ह्याच वाटेने, असेच पाच जण, ३३ दिवस फिरून आलो. फरक इतकाच की आम्ही नाशिककर. निघताना डिकीत सात बॅगा होत्या आणि टपावर ताडपत्रीखाली दोन. आता जायचं झालं तर त्यातल्या चार घरीच राहतील.

कपडे दिवसांवर मोजू नका, धुण्यावर मोजा. प्रवास दहा दिवसांचा असो की तेहेतीस, चौथ्या दिवशी धुणं निघतंच. माणशी पाच वरचे, तीन खालचे, सात आतले जोड एवढ्यात आमचं भागलं असतं. मुलांना दोन जोड जास्त घ्या, त्यातलं एखादं गाडी लागणारं असेल तर तीन.

मग प्रश्न उरतो धुतलेलं वाळणार कुठे. मे महिन्यात उदयपूर-जयपूरला पारा चाळिशीच्या आसपास असतो. रात्री दोरीवर टाकलेला सदरा सकाळी पापडासारखा कडक. लेह थंड, पण हवा कोरडी. तिथे वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे दुपारच्या उन्हात दोन-तीन तासांत सगळं वाळतं. मनालीला मात्र आमची फजिती झाली. दोन दिवस पाऊस लागला आणि मी नेमक्या तिथेच चार जीन्स धुवायला काढल्या! त्या ओल्याच पिशवीत कोंबून चंदीगडला आणल्या, तोवर असा कुबट वास सुटला होता की पुन्हा धुवाव्या लागल्या. म्हणून सांगते, मोठं धुणं लेहलाच उरकून घ्या. जीन्स अंगावर असेल ती एक, बाकी पातळ पँटी. टर्किश टॉवेल तर अजिबात नको. सासूबाईंनी प्रत्येकाला एकेक पंचा घ्यायला लावला तेव्हा मी मनातून हसले होते. पण सगळ्या प्रवासात कधी ओला राहिला नाही तो पंचाच. नायलॉनची दोरी, डझनभर चिमटे आणि साबणाची वडी घेतलीत की झालं.

आता थंडी. राजस्थानचे वेगळे, लडाखचे वेगळे असे दोन संसार भरू नका. पूर्ण बाह्यांचा सैल सुती शर्ट जयपूरच्या उन्हातही लागतो आणि लेहच्याही, कारण साडेतीन हजार मीटरवरचं ऊन चटका न जाणवता कातडी सोलतं. त्याच शर्टाच्या आत थर्मल घातलं, वर स्वेटर आणि त्यावर वारा अडवणारं जर्किन चढवलं की खिंडीतही चालतं. माणशी थर्मलचे दोन जोड, स्वेटर एक, जर्किन एक, कानटोपी, हातमोजे, लोकरीचे मोजे तीन. जर्किन पावसाचंही घेतलंत तर रेनकोट वाचतो. स्वेटर मे महिन्यात शोधायला गेलात तर दुकानदार तोंडाकडे बघतात, आणि तिबेटी स्वेटरवाले आपल्याकडे फक्त थंडीत येतात. तेव्हा आजच भावकीत फोन फिरवा. मुलांचं तर सगळं मागून आणलेलंच बरं, पुढच्या वर्षी त्यांना ते होणार नाही.

हे सगळं कुठे ठेवायचं ते आम्ही श्रीनगर-कारगिल वाटेवरच्या झोजिला खिंडीत शिकलो. श्रीनगर साधारण १,५८५ मीटरवर, झोजिला ३,५२८ वर. दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंश धरले तर एका सकाळीत बारा अंश उतरतात. पुढे दरड आली म्हणून गाड्यांची रांग थांबली, मुलगा अर्ध्या चड्डीत, आणि लोकरीची बॅग टपावर, ताडपत्रीच्या तळाशी. बाहेर बर्फाच्या भिंती. तीन तास तो आजीच्या शालीत गुंडाळून बसला होता, फक्त नाक बाहेर. त्यामुळे थंडीची बॅग सगळ्यांची मिळून एकच, वेगळ्या रंगाची. अमृतसरपर्यंत डिकीच्या तळाशी, आणि श्रीनगर सोडायच्या आदल्या रात्री हाताशी.

दुसरी एक मुक्कामाची बॅग करा. तिच्यात पाचही जणांचा उद्याचा एकेक जोड, रात्रीचे कपडे, पंचे. हॉटेलात वर फक्त ती न्यायची, बाकी गाडीतच. रोज रात्री सात बॅगा जिन्याने चढवून नवऱ्याची कंबर आठव्या दिवशी धरली, नवव्या दिवशी आम्हाला ही अक्कल आली.

सासूबाई साडीच नेसणार का, असं तुम्ही विचारलंय. आमच्याही नेसल्या, लेहला आणि पँगाँग तलावावरही. परकराच्या आत लोकरीची लेगिंग, ब्लाउजच्या आत थर्मल, वर समोरून बटणांचा स्वेटर. डोक्यातून घालायचा नको, अंबाडा विस्कटतो आणि मग चिडचिड होते. साड्या सिंथेटिक, चार पुरे. एकच सुती, राजस्थानात. चपलेत घालता येतील असे अंगठ्याचे मोजे घ्या, पण खिंडीत उतरायचं असेल तर बूटच. त्या बुटाला नाही म्हणाल्या, तर एकदा घरीच घालून फिरवा. आमच्या सासूबाई आठवडाभर अंगणात फिरल्या तेव्हा कुठे त्यांना सवय झाली.

सुवर्णमंदिरात डोकं झाकावं लागतं. तिथे रुमाल मिळतात, तरी ओढणी नि मोठा रुमाल आपला असू द्या, उन्हातही कामी येतो.

राहिला परतीचा पाऊस. १०-१२ जूनला तुम्ही महाराष्ट्रात शिराल तेव्हा बहुधा पाऊस सुरू झालेला असेल, आणि तोवर बॅगेत धड कोरडं काही उरलेलं नसतं. लेहला धुतलेला माणशी एकेक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून बाजूला ठेवा, आणि घर येईपर्यंत सोडू नका.