जुने कारागीर निवृत्त होताना

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या २२ जणांच्या कारखान्यात लेथवरचे (धातू कातण्याच्या यंत्रावरचे) तिन्ही जुने कारागीर लवकरच निवृत्त होतील आणि नवी मुले टिकत नाहीत. काय करावे?

उत्तर : आधी हे पाहावे, की नव्या मुलाला सहा महिने नुसता लोखंडाचा कीस झाडायला लावला जातो, की पहिल्याच आठवड्यात सूक्ष्म मापे घेणारा मायक्रोमीटर हातात मिळतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली आपल्याएवढ्या आस्थापनेवर सक्ती नसली, तरी आयटीआयची मुले आपण स्वेच्छेने घेऊ शकता, आणि ती जरूर घ्यावीत. नुसत्या आवाजावरून टूल बोथट झाल्याचे ओळखणारा कान कोणत्याही वहीत उतरवता येत नाही. त्यासाठी कारागिरांना निवृत्तीनंतरही, अर्धवेळ आणि योग्य मानधनावर, केवळ शिकवण्यासाठी बोलवावे.