विजयदुर्ग 1756 मध्ये जांभा दगड कच्चा असल्यामुळे पडला का?

नाही. तिहेरी तटबंदीचा विजयदुर्ग इंग्रजांनी एवढ्या लवकर कसा घेतला आणि त्यात दोष जांभ्याचा होता का, असे आपण विचारले आहे. आमच्या घरात हा वाद जुना आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही सोलापूरचे. सिद्धेश्वर तलावाकाठचा भुईकोट पाहत वाढलेल्या माझ्या थोरल्या काकांच्या लेखी किल्ला म्हणजे काळा दगड. विजयदुर्गावर त्यांनी तटातल्या एका झिजलेल्या चिऱ्यावर अंगठा घासला, बोटाला लागलेली तांबडी भुकटी सर्वांना दाखवली आणि ‘याच्या भरवशावर आरमार ठेवले होते काय?’ असे विचारले. मला ते फार लागले. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, पण वारा लागला की कठीण होतो; आणि शिवाजी महाराजांनी 1653 मध्ये आदिलशाहीकडून घेतलेल्या याच किल्ल्याने 1720 मध्ये इंग्रजांना, तर 1724 मध्ये डचांना हात हलवत परत पाठवले होते.

1756 च्या फेब्रुवारीत आधी जळाले ते आरमार. इंग्रज आरमाराचा प्रमुख वॉटसन याच्या तोफांचा एक गोळा आंग्र्यांनी पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीकडूनच जिंकलेल्या ‘रिस्टोरेशन’ जहाजावर पडला आणि ती आग शेजारच्या गलबतांत पसरली. किल्ल्याचे आणि आरमाराचे धनी तुळाजी आंग्रे तेव्हा किल्ल्यात नव्हते, ते पेशव्यांच्या छावणीत होते. जमिनीच्या बाजूला या मोहिमेत इंग्रजांच्या जोडीने आलेली पेशव्यांची फौज होती आणि तिच्या व किल्ल्याच्या मध्ये इंग्रज सेनाधिकारी क्लाइव्हने आपली माणसे उतरवली. दुसऱ्याच दिवशी किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. स्वतःच्या किनाऱ्यावरचे एवढे मोठे आरमार पेशव्यांनी परक्याच्या हातून संपवले, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे बाणकोट घेऊन इंग्रजांनी किल्ला परत दिला, पण जळालेली जहाजे कोण देणार?

अर्थात तुळाजींनीही पेशव्यांशी उभे वैर धरले होते, हे सांगायला हवे.

आपल्याकडेही कोणी जांभ्याला बोल लावत असेल, तर त्याला तिन्ही तटांतून चालवत न्यावे आणि वाघोटण खाडीचे तोंड दाखवावे. आज तट ढासळतो आहे तो फटींत रुजलेल्या वड-पिंपळांच्या मुळांनी. ती मुळे मी काकांना जवळ नेऊन दाखवली, तरी त्यांनी अजून मान्य केलेले नाही.